गोर्नरग्राटचा डे हाइक: स्वित्झर्लंडला जाणाऱ्या ट्रेकर मंडळींसाठी प्लॅन

कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर आणि झरमाटचं रेल्वे स्टेशन साधारण १६०५ मीटर, म्हणजे आपल्याकडे जिथे डोंगर संपतो जवळजवळ तिथे हे गाव सुरू होतं. ही एक गोष्ट आधी डोक्यात घ्या, कारण सह्याद्रीत कितीही गड केले असले तरी तीन हजार मीटरची सवय आपल्या शरीराला नसतेच.

गोर्नरग्राट म्हणजे झरमाटच्या वरची डोंगरधार, ती ३०८९ मीटरवर आहे आणि तिथे झरमाटहून १८९८ पासून दातेरी रुळांची ट्रेन जाते, अर्ध्या तासाच्या आसपास वर पोचवते. म्हणून इथे प्लॅन उलटा करायचा, ट्रेनने वर आणि चालत खाली. वाटेत रोटेनबोडेन (२८१५), रिफेलबर्ग (२५८२) आणि रिफेलआल्प (२२११) अशी तीन स्टेशनं लागतात आणि माझ्या मते या रूटचं खरं सुख तेच आहे, कुणाचे गुडघे बोलायला लागले, ढग आले, पोराने रडारड केली की पुढच्या स्टेशनवर ट्रेन पकडायची, कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नाही. आईबाबा बरोबर असतील तर मी दुसरीकडे कुठे नेणारच नाही.

आदल्या रात्री झरमाटला किंवा खाली टेशला मुक्काम करा. झरमाटला बाहेरच्या गाड्या येऊ देत नाहीत, कार टेशला लावून शटल ट्रेनने यावं लागतं. झुरिकहून एका दिवसात जाऊन-येऊन करतात लोक, पण मग सकाळ हातातून जाते आणि इथे सगळी मजा सकाळचीच आहे. स्विस ट्रॅव्हल पास झरमाटपर्यंत पूर्ण चालतो, त्यापुढच्या डोंगरातल्या ट्रेनला अर्धं तिकीट पडतं.

तिकीट काढायच्या आधी वरचा वेबकॅम बघा, गावात लख्ख ऊन आणि वर नुसतं पांढरं असं अगदी होऊ शकतं. हवामानासाठी मेटिओस्विसचं ॲप घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर गडगडाट होतो आणि ही वाट उघड्यावरची आहे, झाडाचा आडोसा रिफेलआल्पपर्यंत नाहीच, त्यामुळे दोनच्या आत निदान रिफेलबर्ग गाठायचं असं मी धरते. जून संपेपर्यंत वाटेवर बर्फ असू शकतो, जुलै ते सप्टेंबर बरं.

वर जाताना उजव्या बाजूला बसा, मॅटरहॉर्न (इथलं प्रसिद्ध टोकदार शिखर) तिकडे दिसतो. वर ट्रेनमधून उतरल्या उतरल्या मात्र धावपळ करू नका प्लीज. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास असतो, चार पायऱ्या पटापट चढलात तरी धाप लागते. आमच्या बाबांना पहिल्या दहा मिनिटांत गरगरलं होतं, बसवलं, पाणी दिलं, थोड्या वेळाने ठीक झाले. डोकं दुखणं, मळमळ वाढतच गेली तर थांबून बघत बसायचं नाही, पुढची ट्रेन धरून खाली. हृदयाचा किंवा बीपीचा त्रास असेल तर निघायच्या आधीच डॉक्टरांना विचारून घ्या.

समोर गोर्नर ग्लेशियर पसरलेला असतो, मागे मोंटे रोझा (त्याचं सगळ्यात उंच टोक ड्युफूरस्पिट्झ ४६३४ मीटर), लिस्काम, ब्राइटहॉर्न हे डोंगर. बर्फावर काळे लांब पट्टे दिसतात ती घाण नाही, दोन ग्लेशियर एकत्र येताना त्यांच्या कडेचा दगडगोटा मध्ये अडकून वाहत येतो. आणि कडेच्या भिंतींवर नीट बघा, खालचा दगड फिकट, उघडा आणि वरचा जुना, गडद, बर्फ पूर्वी कुठवर होता ते त्या रेषेवरून कळतं. बघून पोटात कालवतं खरंच. ग्लेशियरवर उतरायचं मात्र अजिबात नाही, ताज्या बर्फाखाली भेगा असतात, दोर आणि गाइडशिवाय ते काम नाही.

रोटेनबोडेनच्या खाली दहा मिनिटांवर रिफेलझे तलाव आहे, २७५७ मीटरवर. मॅटरहॉर्नचं प्रतिबिंब हवं तर वारा सुटायच्या आत पोचा. गोर्नरग्राटला खूप गर्दी असेल तर ट्रेनमधून सरळ रोटेनबोडेनलाच उतरा, ट्रेक तिथून सुरू केला तरी काही बिघडत नाही. गोर्नरग्राट ते रिफेलबर्ग फोटो-बिटो, खाणं धरून तीन तास ठेवा. पिवळ्या पाट्यांवर किलोमीटर नसतात, वेळ असतो आणि त्यात थांबे धरलेले नसतात.

पायात ग्रिपचे बूट आणि सॅकमध्ये हे: गावापेक्षा वर दहा-एक डिग्री थंड म्हणून जॅकेट, कानटोपी, पातळ हातमोजे, रेनकोट, गॉगल आणि सनस्क्रीन (थंडीत ऊन कळत नाही, संध्याकाळी नाक सोलतं), दीड लिटर पाणी, ठेपले, चिक्की. उतारासाठी काठ्या नक्की. ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये डोंगरातली सुटका, हेलिकॉप्टर धरलंय का ते घरूनच वाचून या. मदतीला नंबर १४४, ११२ पण चालतो. हेलिकॉप्टरला मदत हवी सांगायची तर दोन्ही हात वर, इंग्रजी वायसारखे.

रिफेलबर्गला बसून ठरवा. तिथून खाली झरमाटपर्यंत अजून जवळजवळ हजार मीटर उतार आहे, राजगड उतरताना ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी ट्रेन घ्यावी. बाकीच्यांनी शेवटच्या ट्रेनची वेळ फोनमध्ये टाकून रिफेलआल्पपर्यंत यावं, मग पुढे लार्चच्या जंगलातून गावापर्यंत सावलीच सावली.