दिशाफलकांच्या आखणीत नागरिकांना सहभागी कसे करून घ्यावे

दिशाफलकांच्या कामाची सुरुवात सभागृहातील बैठकीने न करता रस्त्यावर चालून करावी. कोल्हापुरात मध्यवर्ती बसस्थानक ते अंबाबाई मंदिर हा मार्ग घ्यावा. शहरात प्रथमच आलेला भाविक, अंधुक दिसणारी वृद्ध व्यक्ती आणि चाकाच्या खुर्चीवरून फिरणारी व्यक्ती यांनी स्वतः वाट शोधावी. आपण मागे राहून ते कोठे थबकतात आणि कोठे दुसऱ्याला विचारतात, एवढेच नकाशावर टिपावे; फलकाची गरज तेथेच असते. रिक्षाचालक आणि महाद्वार रोडवरील दुकानदार यांना वेगळे भेटावे, कारण पत्ता रोज त्यांनाच विचारला जातो. एकाच जागेला ‘ताराराणी चौक’ म्हणावे की ‘कावळा नाका’, असा प्रश्न तेथे हमखास निघेल. माझ्या मते अशा ठिकाणी दोन्ही नावे लिहावीत.

काय बदलता येईल आणि काय नाही, हे नागरिकांना आधीच स्पष्ट सांगावे. वाहतूक चिन्हांचे आकार व रंग रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या ‘आयआरसी ६७’ या संहितेने ठरलेले असल्यामुळे त्यांवर मत मागवणे म्हणजे लोकांचा वेळ वाया घालवणे होय. पादचाऱ्यांच्या फलकांवरील मजकूर, जागा आणि अक्षरांचा आकार यांवर मात्र त्यांचे म्हणणे निर्णायक असावे. लोखंडी खांब रोवण्यापूर्वी पुठ्ठ्याचे नमुने प्रत्यक्ष उंचीवर बांधून ते गर्दीच्या शुक्रवारी आणि रात्रीही वाचले जातात का, हे तपासावे.

पुराच्या फलकांसाठी तर पूरग्रस्त वस्त्यांतील रहिवाशांशिवाय पाऊलच टाकू नये. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे; परंतु कोणत्या पातळीला आपली कोणती गल्ली बंद होते, हे २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या माणसांना नेमके ठाऊक असते. निवारा केंद्राकडे नेणारा बाण त्यांनी सांगितलेल्या कोरड्या वाटेवरच लावावा.

नियमनाचा भाग थोडक्यात असा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २४४ व २४५ नुसार आकाशचिन्हे (इमारतींवर उंच उभारलेले, आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारे जाहिरात फलक) आणि जाहिराती यांना आयुक्तांची परवानगी लागते. परवानगी दिलेल्या फलकांची प्रभागनिहाय यादी, मुदतीसह, प्रभाग कार्यालयात लावण्याची मागणी करावी, म्हणजे दिशाफलक झाकणाऱ्या अनधिकृत फलकाची तक्रार कोणालाही पुराव्यानिशी करता येईल. आलेली प्रत्येक हरकत नोंदवून ती मान्य किंवा अमान्य केल्याचे कारण हरकतदाराला लेखी कळवावे, आणि हे काम मार्ग अंतिम होण्यापूर्वीच पूर्ण करावे.