घाटात गाडी गरम व्हायची, घरीच कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) बदललं

माल भरून कसारा घाट चढताना टेंपरेचरचा काटा वर जायचा, फॅन बेल्ट ठीक, गळती कुठे नाही, पण रेडिएटरचं पाणी बघितलं तर पार गंजाचं लाल. आधीच्या मालकाने बोअरचं पाणी टाकलेलं, त्यातला क्षार आत धरून बसतो मग उष्णता बाहेर पडतच नाही.

इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका, आत प्रेशर असतं आणि उकळतं पाणी थेट तोंडावर येतं, हे मी कळकळीने सांगतोय. खालचा कॉक उघडून सगळं टबात काढलं, मग थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून ठेवला आणि खालचा होज (रबरी पाईप) सोडून उलट्या दिशेने पाण्याचा पाईप लावला, स्वच्छ पाणी येईपर्यंत चालू ठेवलं. केबिनमध्ये हीटर असेल तर तो फुल गरमवर ठेवा नाहीतर त्यातलं घाण पाणी तसंच राहतं. शेवटी एकदा डिस्टिल्ड वॉटरने धुतलं.

थर्मोस्टॅट नवीनच बसवला. काही जण तो काढूनच टाकतात, मला ते अजिबात पटत नाही, इंजिन थंड चाललं की डिझेल जास्त जातं.

मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर ५०:५०, हळूहळू ओतलं, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू, बुडबुडे थांबेपर्यंत लेव्हल भरत राहिलो. जुनं कूलंट गटारात ओतू नका, गोड लागतं म्हणून कुत्री पितात आणि ते विष आहे, कॅनमध्ये भरून ठेवा.

आता भरल्या गाडीने इगतपुरीला चढतो, काटा मधेच.