प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायावर अभ्यासवर्ग कसा घ्यावा

नाशिकमध्ये बायबल अभ्यासाला दहा-बारा जण जमले की त्यांत शरणपूरकडचे सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट) लोक असतात, नाशिकरोडचे कॅथलिक असतात आणि एखाद्या पेंटेकॉस्टल मंडळीतले बंधू-भगिनीही असतात. बायबलच्या शेवटच्या पुस्तकातल्या, म्हणजे प्रकटीकरणातल्या, ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याचा विषय निघाला की पंधरा मिनिटांत रॅप्चर (विश्वासणारे वर उचलले जाणं), ६६६ (श्वापदाचा आकडा), इस्राएल आणि कालची बातमी यांची खिचडी होते. मूळ दहा वचनं (२०:१-१०) वाचायची राहूनच जातात. म्हणून एकाच बैठकीत सगळं उरकू नका. दीड-दीड तासाच्या चार बैठका ठेवा. शुक्रवार नको, पुष्कळ मंडळ्यांत उपवास-प्रार्थना असते. फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेच्या दिवसांत नाशिकरोडची माणसं मिळणार नाहीत.

तयारी एकच, पण ती टाळू नका. प्रकटीकरण १९:११ ते २१:८ हा मजकूर मोठ्या अक्षरांत छापून प्रत्येकाला द्या. वचनांचे आकडे ठेवा. अध्यायांची फोड आणि मधले ठळक मथळे काढून टाका. ते मथळे योहानाचे नाहीत, छापणाऱ्यांचे आहेत. विसावा अध्याय एकोणिसाव्यानंतर घडतो की तीच कथा पुन्हा सुरुवातीपासून सांगतो, यावरच अर्धा वाद आहे आणि मथळा त्याचा निकाल आधीच लावून टाकतो.

पहिल्या बैठकीत फक्त वाचन करा, मतं नकोत. वचन २ ते ७ मध्ये ‘हजार वर्षे’ सहा वेळा येतं, ते अधोरेखित करायला सांगा. मग काय नाही ते शोधा. चौथ्या वचनातली राजासनं पृथ्वीवर आहेत की स्वर्गात, हे तिथे सांगितलेलं नाही. सात वर्षांचं संकट असं प्रकटीकरणात कुठेच नाही. तिथे बेचाळीस महिने आणि १२६० दिवस आहेत, सातचा हिशेब दानीएल ९:२७ वरून मांडला जातो. ‘ख्रिस्तविरोधक’ हा शब्दही या पुस्तकात नाही, तो योहानाच्या पत्रांत आहे. हे कळलं की आवाज आपोआप खाली येतात.

दुसऱ्या बैठकीत मतं मांडा. प्रीमिलेनियल मत म्हणतं, प्रभू आधी येईल, मग हजार वर्षांचं राज्य. दुसऱ्या शतकात पापियास, जस्टिन आणि आयरेनियस हे मंडळीचे आद्य लेखक हेच मानत. मात्र मंडळी संकटाआधीच उचलली जाईल आणि इस्राएलासाठी वेगळी योजना आहे, ही मांडणी १८३०च्या दशकापासून जॉन नेल्सन डार्बींनी पुढे आणली आणि १९०९च्या स्कोफील्ड बायबलने (टिपांसह छापलेलं बायबल) घरोघरी नेली. रॅप्चर कधी आणि हजार वर्षं कधी, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. फळ्यावरही वेगळेच लिहा. सर्वाधिक घोळ इथेच होतो.

अमिलेनियल मतानुसार हजार वर्षं म्हणजे ख्रिस्ताच्या पहिल्या येण्यापासून दुसऱ्या येण्यापर्यंतचा सगळा काळ. ऑगस्टीनने पाचव्या शतकात हे मांडलं. कॅथलिक चर्च हजार वर्षांचं ऐहिक राज्य नाकारतं (धर्मशिक्षण ग्रंथ, परिच्छेद ६७६). ‘तुम्ही राज्य मानतच नाही’ असं त्यांना म्हणणं अन्याय आहे. राज्य आजच चालू आहे असंच ते म्हणतात. पोस्टमिलेनियल मत सांगतं की सुवार्तेने जग बदलेल, मग प्रभू येईल. त्यांचा आधार मत्तय १३ मधले मोहरी आणि खमीर हे दाखले: लहानशा सुरुवातीतून राज्य वाढत जातं. सीएनआय आणि कॅथलिक दोघेही म्हणतात त्या निकीयाच्या मतांगीकारात (विश्वासाच्या जुन्या कबुलीत) हजार वर्षांचा उल्लेखच नाही, हेही वाचून दाखवा.

तिसरी बैठक खरी कसोटीची. प्रत्येक मताला त्याचं सर्वांत अवघड वचन द्या, आणि उत्तर दुसऱ्या मताच्या माणसाने द्यायचं. मूळ मतवाल्याने ‘हो, आम्ही हेच म्हणतो’ म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही. अमिलेनियल मताला वचन ४ आणि ५: दोन्हीकडे ‘जिवंत होणं’ हीच क्रिया आहे. पाचव्या वचनात ते देहाचं पुनरुत्थान असेल, तर चौथ्यात आत्मिक कसं? त्यांचं उत्तर योहान ५ मध्ये आहे: २५व्या वचनात आत्ताच जिवंत होणारे, २८-२९ मध्ये कबरेतून उठणारे. प्रीमिलेनियल मताला विचारा: १९:२१ मध्ये शत्रूचं सैन्य संपतं, तर २०:८ मध्ये फसवली जाणारी राष्ट्रं कुठून आली? ते सांगतात, सैन्यात नसलेले लोक आणि त्यांची संतती. हजार वर्षं आजच चालू असून सैतान बांधलेला असेल तर १ पेत्र ५:८ मधला गर्जणारा सिंह कोण, हा प्रश्न अमिलेनियल मंडळींना येणारच. त्यावर ते २०:३ दाखवतात: बांधण्याचा हेतू राष्ट्रांना ठकवू नये एवढाच सांगितला आहे. पोस्टमिलेनियल मताला लूक १८:८ पुरे: मनुष्याचा पुत्र येईल तेव्हा त्याला पृथ्वीवर विश्वास आढळेल काय?

चौथ्या बैठकीत कोणीतरी मोबाइलवर प्रभूच्या येण्याची तारीख सांगणारा व्हिडिओ घेऊन येईल. वाद घालू नका, मार्क १३:३२ (तो दिवस कोणालाच ठाऊक नाही) त्यालाच मोठ्याने वाचायला द्या. अमेरिकन प्रचारक विल्यम मिलरच्या अनुयायांनी प्रभूच्या येण्याचा दिवस २२ ऑक्टोबर १८४४ धरला होता. पुष्कळांनी कामधंदा सोडला, दिवस उलटला आणि अनेकांचा विश्वास मोडला. लहान मुलं असतील तर संकटकाळाची वर्णनं रंगवू नका, ती रात्री झोपत नाहीत.

घरात नुकतंच मरण झालेलं कोणी वर्गात असेल, तर त्याला हजार वर्षांचा हिशेब नको असतो. माझं माणूस कुठे आहे, हे हवं असतं. त्या दिवशी आखलेला पाठ बाजूला ठेवा आणि १ थेस्सलनीकाकरांस ४:१३-१८ वाचा. रॅप्चरच्या वादात सर्वांत जास्त ओढला जाणारा हा उतारा पौलाने मुळात शोक करणाऱ्यांसाठीच लिहिला, आणि अठराव्या वचनात एकमेकांचं सांत्वन करा असं सांगितलं. प्रार्थना त्या घरासाठी करा, आणि वर्ग सुटल्यावर दोघांनी त्यांच्यासोबत घरापर्यंत जा.