पहिल्या मार्शल आर्ट सेमिनारला जाताय? आधी पडायला शिका (बडोद्याहून, एका उशिरा सुरू केलेल्या बाईचा अनुभव)

परवा आमच्या सोसायटीतल्या एका मुलीनं व्हॉट्सॲपवर पोस्टर पाठवलं, रविवारी सेमिनार आहे, खाली लिहिलेलं "सर्व लेव्हलसाठी खुलं", आणि विचारलं, जाऊ का काकू? काकू हा शब्द मी गिळला आणि तिला व्हॉइस नोट टाकायला बसले, एक झाली, दोन झाल्या, तिसरी सात मिनिटांची झाली तेव्हा म्हटलं हे एकदाच नीट लिहून काढू, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवून मोकळी.

आधी माझं सांगते. माहेर दांडिया बाजार, सासर मांजलपूर, दिवसभर लोकांचे जीएसटी रिटर्न भरते. ज्युडो सुरू केला तेव्हा ३३ वर्षांची होते. घरात व्यायामाचं वेड जुनं, आजोबा लहानपणी जुम्मादादा व्यायाम मंदिरात मल्लखांब करायचे आणि त्या आखाड्याचे गुरू माणिकराव यांचं नाव घेतलं की कानाला हात लावायचे. बडोद्यात परदेशी मार्शल आर्टचं कुणी जरा कौतुक केलं की जुनी मंडळी लगेच सुरू होतात, अरे आपल्याकडे जंबिया म्हणजे वाकड्या कट्यारीचा खेळ होता, बिनोट होतं, लाठी होती. होतं ना. पण माझ्या घराजवळ संध्याकाळी साडेसातला जे शिकवत होते तो ज्युडो होता, म्हणून ज्युडो. यात दुसरं तत्त्वज्ञान काही नाही.

क्लासला दोन महिने झाले आणि पहिलं सेमिनार आलं. दोन दिवसांचं, बाहेरून सर येणार, आसपासच्या तीन-चार क्लबची मुलं, ज्युडोवाले, कराटेवाले, एक-दोन जुजित्सूवाले, सगळे एकाच मॅटवर. मला जोडीला मिळाला ब्राऊन बेल्टचा एक तरुण मुलगा आणि मी खूष, म्हटलं चला, चांगला पार्टनर मिळाला. त्याला वाटलं मी सेमिनारला आलेय म्हणजे पडता येत असेल, मला वाटलं त्याला दिसत असेल की मी नवीन आहे. दोघंही एकमेकांना काही बोललो नाही. त्यानं हिप थ्रो मारला, म्हणजे मला कमरेवरून उचलून टाकलं, अगदी स्वच्छ मारला, आणि मी पडताना जे प्रत्येक नवीन माणूस करतो तेच केलं, जमीन अडवायला हात पुढे टाकला.

संध्याकाळपर्यंत मनगट सुजलं. आई म्हणाली अखाड्यात दाखव, माणिकराव हाडं बसवण्यात केवढे नावाजलेले, तिथल्या माणसांना कळतं. मी ऑर्थोपेडिककडे गेले, एक्सरेत काहीच नाही. पण अंगठ्याच्या मुळाशी दाबलं की जीव जात होता, म्हणून डॉक्टरांनी स्प्लिंट घालून बारा दिवसांनी परत बोलावलं, आणि दुसऱ्या एक्सरेत दिसलं, स्कॅफॉइड नावाचं छोटंसं हाड असतं त्याला चीर. हे हाड असंच आहे म्हणे, पहिल्या फोटोत बरेचदा लपतं आणि तसंच सोडलं तर जुळायला फार त्रास देतं, कारण त्याला रक्तपुरवठा कमी. आठ आठवडे प्लॅस्टर. रिटर्न डाव्या हातानं भरले, मार्च महिन्यात. त्यामुळे हात टेकून पडलात आणि अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर "एक्सरे नॉर्मल आला" म्हणून गप्प बसू नका, दहा-बारा दिवसांनी परत दाखवा.

चूक कुणाची? त्या मुलाला मी तेव्हा महिनाभर शिव्या दिल्या, आता नाही देत. "सर्व लेव्हलसाठी खुलं" याचा अर्थ एवढाच की दारावर तुम्हाला कुणी अडवणार नाही, आत तुमच्या लेव्हलचं काही असेलच असं त्यात कुठे लिहिलेलं नसतं. म्हणून पैसे भरायच्या आधी फोन करा आणि विचारा, मॅट आहेत की नुसती फरशी, नवीन लोकांसाठी वेगळा असिस्टंट आहे का, शेवटी स्पारिंग, म्हणजे पार्टनरशी खरी झुंज, असेल तर त्यातून बाहेर बसता येईल का. आणि समोरचा तुम्हाला काय विचारतो तेही बघा. "किती दिवस झाले शिकताय, काही दुखणं आहे का" असं विचारलं तर चांगली खूण. "काही प्रॉब्लेम नाही, या ना, गूगल पे करून टाका" एवढंच म्हणाला तर मी जात नाही.

आता पडणं. जपानीत याला उकेमी म्हणतात आणि कानो जिगोरोंनी १८८२ मध्ये टोकियोत ज्युडो सुरू केला तेव्हापासून हा त्याचा पाया आहे, कारण पडता आलं तरच जोडीदाराला रोज पूर्ण ताकदीनं टाकता येतं, नाहीतर चार दिवसांत क्लास रिकामा. सेमिनारच्या आधी निदान दोन आठवडे हे क्लासमध्ये सरांसमोर करा, आणि घरी गादीवर, उकिडवं बसून, उभ्यानं नाही. हनुवटी छातीकडे, नजर कमरेच्या गाठीवर, म्हणजे डोकं मागे आपटत नाही. पाठ गोल. पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हात अंगापासून साधारण ४५ अंशांवर, तळवे खाली, फाडकन गादीवर, आणि तोंडानं श्वास बाहेर. हात जमीन अडवायला नाहीत, आपटायला आहेत, हा एवढा फरक अंगात बसायला मला प्लॅस्टर निघाल्यावर तीन महिने लागले. माझा मुलगा तेव्हा चौथीत होता, तो बघत बसायचा आणि मार्क द्यायचा, दहापैकी चार.

बेल्टच्या रंगाबद्दल एक गोष्ट, कारण मी तिथेच फसले. सुरुवातीला ज्युडोत पांढरा आणि काळा एवढंच होतं, मधले रंग नंतर आले, आणि प्रत्येक आर्टनं आपापले लावले. ब्राझिलियन जुजित्सूत ब्राऊन बेल्ट म्हणजे माणूस बरीच वर्षं घासून आलेला असतो, काही कराटे क्लासमध्ये तोच रंग तीन-चार वर्षांत शाळकरी मुलाला मिळतो. दोन्ही आपापल्या जागी बरोबर, पण मिक्स सेमिनारमध्ये रंग बघून पार्टनर ठरवू नका. माझ्या अनुभवात सगळ्यात धोकादायक पार्टनर ब्लॅक बेल्ट नसतोच, तो असतो सहा महिने झालेला, जिमला जाणारा, जिंकायला आलेला मुलगा. ब्लॅक बेल्टला तुम्हाला न दुखवता टाकता येतं. चाळिशीच्या पुढचे, गुडघ्याला पट्टी बांधलेले काका दिसले तर पळत जाऊन त्यांना धरा, यापेक्षा चांगला पार्टनर मिळणार नाही.

आणि बोला. लाजू नका, तोंड उघडा. मी आता प्रत्येक नव्या पार्टनरला वाकून नमस्कार केला की लगेच सांगते, उजवं मनगट जुनं दुखणं आहे, हळू करा. बडोद्यात हे मराठीत सुरू होऊन गुजरातीत संपतं, "शांतिथी करजो हं भाई". आजवर एकही माणूस हसलेला नाही. लॉक, म्हणजे हात-पाय पिळून अडकवणं, लागला की टॅप, म्हणजे पार्टनरच्या अंगावर किंवा मॅटवर दोन-तीनदा थाप, हात अडकला असेल तर तोंडानं "टॅप" ओरडायचं. दुखायला लागल्यावर नाही, आता दुखेल असं वाटलं की लगेच. सरांनी "मात्ते" म्हटलं, कराटेवाले असतील तर "यामे" म्हटलं, की जिथे असाल तिथे थांबायचं. मुलींनो, कुणाचा हात नको तिथे जातोय, मुद्दाम असो की नसो, तुम्हाला पार्टनर बदलायचा पूर्ण हक्क आहे, कारण द्यायची गरज नाही. आणि ते ऐकून आयोजकानं तोंड वाकडं केलं तर चपला घाला आणि घरी या.

चपलांवरून आठवलं, मॅटवर अनवाणी आणि मॅटबाहेर चपला घालून, विशेषतः बाथरूमला जाताना. उलटं करणारे लोक असतात. गजकर्ण मॅटवरून पसरतं, घरी गेल्यावर आधी अंघोळ, मग जेवण, आणि तुम्हाला झालं असेल तर बरं होईपर्यंत येऊ नका. नखं कापलेली, अंगठ्या काढलेल्या. मंगळसूत्रावरून आमच्याकडे थोडं झालं होतं, मी सासूबाईंना म्हटलं याच्यात कुणाचं बोट अडकलं तर बोटही जाईल आणि मंगळसूत्रही, त्यानंतर विषय निघाला नाही. मे महिन्यात बडोद्याच्या बिनएसीच्या हॉलमध्ये सहा तास असतील तर ओआरएस न्या, नुसतं पाणी पुरत नाही.

शिकवलेलं सगळं लक्षात राहणार नाही, आत्ताच मान्य करा. बाहेरून आलेले सर दोन दिवसांत पंधरा-वीस गोष्टी दाखवतात कारण ब्लॅक बेल्टवाल्यांनाही काहीतरी नवीन हवं असतं. मी पहिल्या ब्रेकमध्येच एक गोष्ट निवडते आणि बाकीचा वेळ तीच घासते, बाकी सगळं बघायचं, करायचं, सोडून द्यायचं. शेजारचे व्हिडिओ काढत असतात, काढू देत. माझ्या फोनमध्ये पण आहेत, एकदाही उघडले नाहीत.

आता नवरात्रीच्या आधी जी दोन-दोन तासांची फुकट सेल्फ डिफेन्स वर्कशॉप होतात त्याबद्दल, कारण बडोद्यात रात्री उशिरा गरब्यावरून येणाऱ्या मुली म्हणजे प्रत्येक घरात एक आहेच. काही वर्कशॉप नुसती फोटोपुरती असतात. चांगल्या ठिकाणी ते तुम्हाला लाथा शिकवत नाहीत. मी ज्यात असिस्टंट म्हणून उभी राहते तिथे मुलींना रोजच्या कपड्यांत बोलावतो, तोंडाला बांधलेल्या ओढणीसकट, ॲक्टिव्हाच्या किल्लीसकट. ओढणी कुणी मागून ओढली तर खेचाखेची करायची नाही, ओढणीच सोडून द्यायची, म्हणून ती गळ्याभोवती गाठ मारून नाही बांधायची. मनगट धरलं तर पकड सगळ्यात कच्ची कुठे, अंगठा आणि बोटं जिथे भेटतात तिथे, त्या फटीतून हात काढायचा, कोपर वाकवून, पूर्ण अंग फिरवून, नुसता हात ओढून नाही. यात बऱ्याच जणींना पहिल्याच दिवशी यश येतं आणि चेहरे बघण्यासारखे होतात.

पण खरी अडचण आवाजाची. पंचवीस जणींतल्या वीस जणींच्या तोंडून आवाजच फुटत नाही, हसतात. मी पहिल्यांदा ओरडले ते "सोड!" असं, अस्सल मराठीत, तर सर म्हणाले, दीदी, रस्त्यावरच्याला वाटेल नवरा-बायकोचं भांडण आहे, कुणी मधे पडणार नाही. ओरडायचं असं की ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे हा माणूस अनोळखी आहे, "कौन हो तुम? दूर हटो!" हे मला कुठल्याही थ्रोपेक्षा जास्त कामाचं वाटलं. फोनमध्ये ११२ हा इमर्जन्सीचा आणि १८१ अभयम हा गुजरातच्या महिला हेल्पलाइनचा, हे दोन नंबर तिथल्या तिथे सेव्ह करून घेतो, घरी जाऊन करते म्हणणारी करत नाही.

चाकूवाल्या सेमिनारला मात्र सांभाळून. एकदा गेले होते, सरांनी सगळ्यांना जुने पांढरे टीशर्ट घालून बोलावलं आणि चाकूऐवजी लाल मार्कर दिले, आधी तासभर चाकू हिसकावण्याची टेक्निक शिकवली आणि मग म्हणाले आता पार्टनर खरंच मारेल, तुम्ही अडवा. पाच मिनिटांनी आम्ही सगळे, दोन ब्लॅक बेल्ट धरून, गळ्यापासून पोटापर्यंत लाल रेघा घेऊन उभे. जंबियाच्या गावात ही अवस्था. मग त्यांनी सांगितलं, अमेरिकेत ट्युलर नावाच्या पोलिसवाल्यानं १९८३ मध्ये लिहून ठेवलंय, २१ फुटांवरचा चाकूवाला साधारण दीड सेकंदात तुमच्यापर्यंत पोचतो. म्हणून पर्स पुढे धरा, मधे गाडी, टेबल, काहीही घाला, आणि पळा. चेन मागत असेल तर चेन द्या. जो इन्स्ट्रक्टर दोन तासांत चाकू काढून घ्यायला शिकवतो म्हणतो त्याच्याकडे मी जाणार नाही.

कायद्याचंही एक वाक्य सगळ्यांना माहीत असावं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे, तिच्यात कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाच्या हक्काची, आधी आयपीसीत ९६ ते १०६ होती. हक्क आहे, पण वाचायला जेवढं गरजेचं तेवढंच. तो पडल्यावर किंवा पळायला लागल्यावर वर आणखी चार लाथा घातल्या तर ते स्वसंरक्षण राहत नाही. क्लासमधल्या तरुण मुलांना हे ऐकायला आवडत नाही.

तर ती मुलगी गेली सेमिनारला. माझ्या सगळ्या व्हॉइस नोट ऐकून गेली की नाही कुणास ठाऊक. रविवारी रात्री सेव उसळच्या प्लेटचा फोटो आला, आणि खाली मेसेज, "पार्टनर गुडघ्याला पट्टीवाले काकाच मिळाले, ४० वेळा पडले, हात एकदाच टेकला. आणि सर म्हणाले मॅटवर काकू नाही म्हणायचं, दीदी."