हळदीचा पिवळा टीव्हीवर केशरी होऊ नये म्हणून

जळगाव-धुळ्याकडचं लग्न असो की अहिराणी गाणं, पूर्ण व्हिडिओ देण्याआधी ३० सेकंदांची चाचणी क्लिप काढा. तिच्यात हळद लागलेला चेहरा, लाल शालू, पांढरी टोपी, केळीची बाग आणि रात्रीची वरात हवीच, कारण रंग बिघडतात ते इथेच. टाइमलाइन आणि एक्स्पोर्ट दोन्ही रेक ७०९ (एचडी व्हिडिओच्या रंगांचं मानक) ठेवा.

क्लिप व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवली तर कॉम्प्रेशनमुळे वरातीच्या काळोखात चौकोन उमटतात आणि दोष ग्रेडिंगचा, म्हणजे रंग जुळवण्याचा, वाटतो. फोनवर नाइट लाइट बंद करून आधी स्क्रीनच्या ‘नॅचरल’ रंग-मोडमध्ये बघा, मग ‘व्हिव्हिड’मध्येही, कारण बऱ्याच पाहुण्यांचे फोन तसेच असतात. व्हिव्हिडमध्ये लाल शालूच्या घड्या दिसेनाशा झाल्या, तर फक्त लालचं सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) थोडं उतरवा.

टीव्हीवर पेन ड्राइव्ह लावून ‘सिनेमा’ मोड निवडा. लॅपटॉप एचडीएमआयने जोडला आणि काळा रंग राखाडी दिसला, किंवा सावल्या बुजल्या, तर ग्रेडला हात लावू नका: लॅपटॉप आणि टीव्ही यांपैकी एक जण काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पातळ्या ०–२५५ आणि दुसरा १६–२३५ धरून चालला आहे. ग्राफिक्स सेटिंग आणि टीव्हीची ब्लॅक लेव्हल जुळवा. मॅकवर क्विकटाइममध्ये चित्र फिकट दिसलं तर तीच फाइल दुसऱ्या प्लेअरमध्ये तपासा.

लॉनवरची एलईडी वॉल मात्र अंधार पडल्यावरच तपासा. रात्री ब्राइटनेस कमी केला की तिच्या गडद छटांमध्ये पट्टे पडतात.

व्हिव्हिडमधल्या लालचा अपवाद सोडला, तर एकाच स्क्रीनवर दिसणारा दोष सोडून द्या. फोन, टीव्ही आणि एलईडी वॉल अशा तीनही ठिकाणी दिसला तरच ग्रेड बदला.