मोठा फिशटँक साफ करताना या चुका टाळा

‘या रविवारी टँक धुवायचाच’ असं ज्या घरात ठरतं, त्या घरात बुधवारपर्यंत एखादा मासा उताणा झालेला असतो. आमच्याकडे दोन झाले होते.

नाशिकमध्ये इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये आमचा सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टँक आहे. त्यात ऑस्कर, पॅरट आणि एक म्हातारा सकर हे मासे. एवढं पाणी बघून माणूस निर्धास्त होतो. छोट्या टँकमध्ये आठवड्याभरात पाणी गढूळ होतं, मोठ्यात महिनोन्महिने काहीच दिसत नाही. मी तर पाच महिने फक्त पातळी खाली गेली की वरून दोन बादल्या ओतत होतो. मग एका रविवारी उत्साहाच्या भरात ऐंशी टक्के पाणी काढलं, खडी बाथरूममध्ये नेऊन धुतली, कॅनिस्टरचे, म्हणजे टँकबाहेरच्या डब्यासारख्या फिल्टरचे, स्पंज नळाखाली पांढरेशुभ्र केले आणि गच्चीवरच्या टाकीचं पाणी भरलं. संध्याकाळी टँक आरशासारखा चमकत होता. दुसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं आणि मासे वर येऊन धापा टाकू लागले.

यात चुका एक नाही, तीन होत्या.

पहिली चूक स्पंजची. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग त्या मानाने सौम्य नायट्रेट करणारे जिवाणू स्पंजमध्ये, सिरॅमिक रिंगमध्ये आणि खडीवर राहतात. क्लोरीनच्या नळाखाली स्पंज पांढरा होईपर्यंत धुणं म्हणजे त्यांना घरातून हाकलणं. टँकमधून काढलेलं पाणी बादलीत घ्यावं, स्पंज त्यात दोन-तीनदा पिळावा, बस. तो मळकटच दिसला पाहिजे. रिंग नुसत्या हलवून घ्याव्यात. ज्या दिवशी फिल्टरला हात लावला, त्या दिवशी खडीला लावू नये.

दुसरी चूक वरून पाणी ओतत राहण्याची. वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी, क्षार मागे राहतात. आपला भाग काळ्या पाषाणाचा, त्यामुळे बोअरचं पाणी बहुधा जडच. तेच ओतत गेलात तर काचेवर पांढऱ्या रेघा चढत जातात आणि नायट्रेट साचत राहतं ते वेगळंच.

तिसरी चूक एकदम ऐंशी टक्के पाणी बदलण्याची. ती सगळ्यात घातक, आणि ती लोकांना पटवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. महिनोन्महिने न बदललेल्या पाण्याचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा, सातच्या खाली म्हणजे आम्ल) हळूहळू उतरतो. पीएच सातच्या खाली असेल तर बहुतेक अमोनिया अमोनियमच्या रूपात असतो, आणि तो माशांना फारसा बाधत नाही. अशा टँकमध्ये एकदम ताजं, वरच्या पीएचचं पाणी ओतलं की त्याच अमोनियमचा विषारी अमोनिया होतो. म्हणजे मासे घाणीत जगत असतात आणि स्वच्छतेने मरतात! टँक फार दिवस तसाच राहिला असेल तर रोज किंवा दिवसाआड दहा टक्के पाणी बदला. दोन-तीन आठवडे लागतील, लागू देत. त्यानंतर दर आठ-दहा दिवसांनी पाव भाग पुरे.

हा पाव भाग म्हणजे किती, हे आधी मोजून ठेवा. सहा गुणिले दोन गुणिले दोन म्हणजे 24 घनफूट, आणि एका घनफुटात 28.3 लिटर, म्हणून साधारण 680 लिटर. खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली तर 600 धरा. पाव भाग 150 लिटर, म्हणजे 20 लिटरच्या साडेसात बादल्या. आकडा डोळ्यांसमोर असला की ‘चला, अजून थोडं काढू’ हा मोह होत नाही.

आता क्लोरीन. गंगापूर आणि मुकणे धरणांतून येणारं पाणी महापालिका क्लोरीन घालूनच सोडते. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की वासावरूनच कळतं की मात्रा वाढली आहे. पाणी 200 लिटरच्या ड्रममध्ये रात्रभर एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून ठेवलं तर उत्तम. नाहीतर अँटीक्लोरिन, म्हणजे बहुतेक वेळा सोडियम थायोसल्फेट, फोटोवाल्यांचा हायपो. लिटरला 1 मिलिग्रॅम क्लोरीन असेल तर 150 लिटरला साधारण 1 ग्रॅम हायपो लागतो. पाइप लावून नळाचं पाणी थेट टँकमध्ये सोडणार असाल तर हायपोची मात्रा नव्या पाण्याची नाही, सगळ्या टँकची धरा, आणि पाणी सोडण्याच्या आधी घाला. पाणी काढायला घेण्यापूर्वी दुरुस्तीसाठी पुरवठा बंद असल्याची सूचना तर नाही ना, तेही बघा. टँक अर्धा रिकामा आणि नळ कोरडा, यासारखी फजिती नाही. दुसऱ्या दिवशी नळाला येणारं पहिलं गढूळ पाणीही टँकला नको.

डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली जातो तेव्हा गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला चावतं. टँक 27 अंशांवर आणि नवं पाव पाणी 15 अंशांवर असेल तर टँक एका झटक्यात 24 वर येतो. चार-पाच दिवसांत माशांच्या अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसतात आणि दोष खाद्याला दिला जातो. ड्रममध्ये गिझरचं पाणी मिसळा, पण हाताने अंदाज घेऊ नका, थर्मामीटर लावा. मे महिन्यात उलटा प्रकार, दुपारी टाकी चहाला ठेवल्यासारखी तापलेली असते. तेव्हा पाणी सकाळीच बदलावं.

पाणी काढण्याआधी हीटर बंद करून 15-20 मिनिटं थांबा. गरम हीटर पाण्याबाहेर उघडा पडला की काच तडकते. आणि टँकमध्ये हात घालताना सगळे प्लग काढलेले हवेत. यात हयगय नको.

बादल्या वाहून कंबर धरली म्हणून मी कूलरचा पंप आणला. पंप तळाला, पाइपचं दुसरं टोक बाल्कनीच्या जाळीत, आणि मी फोनवर. पाइप सुटला आणि सापासारखा वळवळत बाल्कनीभर फिरला. खालच्या काकू वर आल्या, साडीचा पदर ओला. “अरे, सोमेश्वरचा धबधबा इथेच आणलास की काय?” आत येऊन बघतो तर टँकमध्ये वीतभर पाणी आणि त्यात आडवे झालेले ऑस्कर. तेव्हापासून पंप तळाला ठेवत नाही. जिथपर्यंत पाणी काढायचं, त्या उंचीवर दोरीने बांधतो. पाव भाग गेला की पंप नुसताच घरघरतो, पुढचं पाणी जात नाही. त्याचा तसा आवाज आला की लगेच बटण बंद करायचं, कोरडा चालला तर जळतो. भरतानाही पाइपचं तोंड पाण्यात बुडवू नका. लाइट गेली की सायफन होऊन टँकचं पाणी उलटं ड्रममध्ये येतं.

लाइट बराच वेळ गेली असेल तर कॅनिस्टर तसाच चालू करू नका. आतलं साचलेलं पाणी सडलेलं असतं, ते आधी ओतून टाका. वाळूचा थर जाड असेल तर त्यातही तसंच. काळा थर दिसला किंवा सडक्या अंड्यांचा वास आला तर एकदम ढवळू नका, एका आठवड्यात एकच कोपरा घ्या.

काचेचं थोडक्यात. ब्लेड कोपऱ्यातल्या सिलिकॉनला लावू नये, चुंबकाच्या ब्रशमध्ये वाळूचा कण नाही ना ते बघावं, आणि काच पुसायचा स्प्रे थेट काचेवर न मारता फडक्यावर मारावा, नाहीतर तो एअरपंपातून पाण्यात जातो.

काढलेलं पाणी मोरीत ओतू नका, झाडांना ते खतच आहे. आता पाइपचं टोक थेट खालच्या काकूंच्या गुलाबांच्या कुंड्यांपर्यंत सोडलेलं असतं. फक्त आजारी माशांसाठी कधी मीठ टाकलं की ते पाणी झाडांना चालत नाही, म्हणून पंप लावायच्या आधी काकू खालूनच ओरडतात, “आज खारट नाही ना रे?”