नोटीस परत आली? आधी शेरा वाचा

चेक वटला नाही, वकिलांकरवी नोटीस धाडली आणि आठवड्याभरात तोच लखोटा आपल्या दारात परत! अशा वेळी हात आधी लखोटा फाडायला जातो. फाडू नका. बंद लखोटा, त्यावरचे शिक्के आणि पोस्टमनने लिहिलेला शेरा हाच तुमचा पुरावा. पोस्टाच्या पावतीसोबत तो आहे तसा वकिलांकडे द्या. ट्रॅकिंगचा कागदही लगेच छापून घ्या, पुढे तो मिळेलच असे नाही.

मग शेरा वाचा. ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे घ्यायला नकार. ‘अनक्लेम्ड’ म्हणजे पत्र पोस्टात पडून राहिले, सोडवायला कुणी आले नाही. या दोन्ही वेळी उपयोगी पडते ती ‘मानीव बजावणी’. ‘मानीव’ हा शब्द सोसायट्यांच्या ‘मानीव अभिहस्तांतरणा’त (जमीन-इमारत सोसायटीच्या नावे करण्याच्या ‘डीम्ड कन्व्हेयन्स’मध्ये) भेटतो, एरवी कुणाच्या तोंडी नसतो. अर्थ सोपा आहे: प्रत्यक्षात झाले नसले तरी कायदा झाले असे मानतो. जनरल क्लॉजेस ॲक्ट, १८९७ च्या कलम २७ प्रमाणे पत्ता बरोबर असेल, टपालखर्च भरलेला असेल आणि पत्र नोंदणीकृत टपालाने गेले असेल, तर ते पोचले असे धरतात. तसे नव्हते हे समोरच्याने सिद्ध करायचे.

खरी गोची होते ‘लेफ्ट’ (म्हणजे माणूस तो पत्ता सोडून गेला) किंवा ‘अपुरा पत्ता’ या शेऱ्यांनी, कारण तिथे पत्त्यावरच बोट ठेवता येते. करारनामा, बिले, जुना पत्रव्यवहार काढा आणि विंग, फ्लॅट नंबर, पिनकोड ताडून बघा. चूक आपली निघाली तर नवी नोटीस लगेच धाडा. चेक न वटल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांतच नोटीस द्यावी लागते. परत आलेल्या लखोट्याकडे बघत त्यातले पंधरा घालवणारे लोक मी पाहिलेत.

माणूस घरात असूनही ‘डोअर लॉक्ड’ लिहिलेय? वाटप करणाऱ्या पोस्ट ऑफिसच्या पोस्टमास्तरांना लेखी अर्ज द्या, कोणत्या तारखेला कोण गेले ते विचारा आणि अर्जाची पोच घ्या.

‘मला नोटीस मिळालीच नाही’ म्हणणाऱ्यालाही वाट आहे. सी. सी. अलवी हाजी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितले, की कोर्टाचे समन्स मिळाल्यापासून १५ दिवसांत चेकची रक्कम भरावी आणि तक्रार फेटाळण्याची विनंती करावी. पैसे न भरता नुसते ‘मिळाली नाही’ म्हणणाऱ्याला मात्र कलम २७ आडवे येते.